एकसारखी खडी

"खडी सरमिसळ होऊ देऊ नकोस, ठमे. गोल ती गोल, टोकदार ती टोकदार. पाण्यानं वाहून गेली तर वेचून जागच्या जागी टाक. बाकी घराचं तुला काय वाटेल ते कर."

आईनं अंथरुणावरून हे सांगितलं तेव्हा लेकीला हसूच आलं होतं. आईचा स्वभावच तसा. एका डब्याचं झाकण दुसऱ्याला लावलेलं तिला खपत नसे, आणि उशीचा अभ्रा उलटा घातला की रात्रभर झोप लागत नसे. जीव डोळ्यांत येऊन थांबलेला, आणि काळजी कशाची, तर आवारातल्या खडीची! लेकीनं "हो गं बाई, हो," म्हणून तिच्या ओठांना पाणी लावलं. पुढं आई गेली, घर बाबांचं आणि लेकीचं उरलं, आणि ते बोलणं लेकीच्या मनातून साफ उतरून गेलं.

बाबा निवृत्त बसड्रायव्हर. गल्लीत सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. डोळ्यांना बरीच वर्षं कमी दिसत होतं. कुणी विचारलं की म्हणायचे, "अंधुक दिसतं. तेवढं पुरतं. आता समोरून ट्रक थोडाच येणार आहे?" घरात, आवारात हातातली काठी नुसती झुलवत फिरायचे. मागच्या शेडमध्ये बसून लोकांच्या जुन्या खुर्च्यांना वेत विणून द्यायचे, आणि वीण इतकी घट्ट की गिऱ्हाईक दुसरीकडं जायचं नाव काढत नसे. आई आजारी पडली तेव्हा लेक कायमची राहायला आली. तिनंही कधी खोलात जाऊन विचारलं नाही. शिलाई मशिनवर तिची मान खाली असे, आणि बाबांच्या चपलांचा करकर आवाज आवारातून इकडून तिकडं जाई. त्या आवाजाची तिला इतकी सवय झाली होती, की तो ऐकू येतोय हेही तिला कळत नसे.

मग बाबा न्हाणीघरात पाय घसरून पडले. कंबरेचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, मुक्काम लांबला; तिथं सगळं खाटेवरच हातात मिळे, आणि चालवायला नर्स धरून असे. घरी सोडायच्या आधी डॉक्टरांनी बजावलं, "चालणं सुरू ठेवा. पण जमीन सपाट हवी. गोट्यांवर पाय डळमळला की पुन्हा आमच्याकडेच याल."

लेकीच्या मनानं उचल खाल्ली. बाबा घरी यायच्या आत आवार नीट करून टाकायचं. तिनं मुकादमाला बोलावलं. तो फाटकात उभा राहून हसायलाच लागला.

"ताई, हे आवार आहे का खडीचं प्रदर्शन?"

तसं होतंच ते. शेडकडे जाणाऱ्या वाटेवर नदीतले गोल गोटे, अंड्याएवढाले. फाटकाकडे काळी टोकदार खडी. न्हाणीघराकडे जाडी, रवाळ वाळू. आणि आवाराच्या खालच्या अंगाला, जिथं दगडी बांध संपून पुरुषभर खोल रस्ता होता, तिथं बांधाच्या अलीकडे डगडगणाऱ्या फरश्या. एकही फरशी धड बसवलेली नव्हती.

"सगळं खरवडून टाकतो," मुकादम म्हणाला. "एकाच मापाची बारीक खडी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर रोलर. हॉटेलच्या दारासारखं दिसेल. काका डोळे मिटून चालतील बघा."

लेकीनं मान डोलावली. काम झालं तेव्हा तिनं फाटकात उभं राहून आवार डोळे भरून पाहिलं. राखाडी, स्वच्छ, एकसारखं. आई असती तर खूश झाली असती, असंही तिला वाटून गेलं.

बाबा टॅक्सीतून उतरले. "सोड, मी जातो," म्हणून काठी टेकत फाटकातून आत आले. लेक मागून औषधांची पिशवी आणि गाठोडं सांभाळत येत होती. बाबांचा पाय नव्या खडीवर पडला. करकर. ते चालत राहिले. शेडचं वळण आलं, ते वळले नाहीत. न्हाणीघर मागं पडलं. लेकीला वाटलं, नवं काम बघतायत. बघू देत, मग बोलतील काहीतरी खोचक. ते सरळ बांधाकडे निघाले होते.

काठीचं टोक हवेत गेलं तेव्हा कुठं ती ओरडली. हातातलं सगळं टाकून धावली आणि त्यांचा सदरा मागून मुठीत धरला. बटणं तटतट तुटली. दोघंही खडीवर बसकण मारून पडले.

बाबांनी कंबरेला हातसुद्धा लावला नाही. दोन्ही हातांनी खडी चाचपत राहिले, किल्ली हरवलेला माणूस चाचपतो तशी. इथली मूठभर उचलली, सोडली. तिथली मूठभर उचलली, सोडली.

"ठमे, हे कुणाचं आवार आहे?"

"आपलंच, बाबा."

"माझ्याशी खोटं नको बोलूस."

लेकीनं त्यांच्या डोळ्यांसमोर हात हलवला. एकदा, पुन्हा एकदा. पापणीसुद्धा लवली नाही.

"बाबा... तुम्हाला दिसतं किती?"

त्यांनी हातातली खडी सोडून दिली. मग म्हणाले, "तुझी आई गेली ना, तेव्हा तिचा चेहरा मी हातानंच पाहिला."

हळूहळू, तुटक तुटक, सगळं बाहेर आलं. डोळ्यांतला उजेड केव्हाच पुरता विझला होता. ते फक्त आईला ठाऊक होतं. बाबांनी तिच्याकडून वचन घेतलं होतं, कुणाला सांगायचं नाही म्हणून. जन्मभर ज्यानं बसभर माणसं सुखरूप नेऊन पोचवली, त्याला कुणीतरी हाताला धरून न्हाणीघरात न्यायचं? मग आईनं युक्ती काढली. दुपारी गल्ली सामसूम झाली की बादलीनं गोटे आणून टाकायची, वाळू आणून टाकायची. मग बाबांना चालवायची. पायाखाली खळखळ झाली की शेड. कचकच झाली की फाटक. पाय मऊ रुतला की न्हाणीघर. आणि फरशी डगडगली, तर जिथं असाल तिथं उभं राहायचं.

"माझे रूट होते ते," बाबा म्हणाले. "तू सगळ्या पाट्या पुसल्यास, पोरी."

हे त्यांनी रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसतं सांगत होते.

त्या दिवसापासून बाबा खाटेवरून उठेनात. लेक हात धरून न्यायची, ते मुकाट्यानं जायचे, पण न्हाणीघरातून परत आले की तिचा हात बाजूला करायचे, उसन्या आणलेल्या वस्तूसारखा. जेवणाचं ताट अर्धं परत येऊ लागलं. शेडमध्ये निम्मी विणलेली खुर्ची तशीच पडून होती. लेक म्हणाली, वेत खाटेवर आणून देते. ते म्हणाले, "नको. माणसानं कामाला चालत जावं." एकदा तिनं त्यांना सगळा राग काढा, मला बोला, मारा म्हटलं. "तुझं काय चुकलं?" ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं. लेक मशिनवर बसून देवाचं नाव घेत राहायची. टाके वाकडे पडायचे, उसवायची, पुन्हा पडायचे.

मग बाबांनी स्वतःहून दादाला फोन लावायला सांगितलं. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, दुसऱ्या शहरात राहणारा.

"तुझ्याकडे एक खाट मावेल का रे?"

"मावेल म्हणजे काय, बाबा! कधीपासून म्हणतोय मी. रविवारी न्यायलाच येतो. नववा मजला आहे, लिफ्ट आहे. दिवसभर आम्ही दोघं कामावर, तुम्हाला कसलाच त्रास नाही."

फोन ठेवल्यावर लेक म्हणाली, "बाबा, तिथं तुम्ही करणार काय?"

"काही नाही. चालायचंच नाही, म्हणजे चुकायचं नाही."

त्या उत्तरानं तिला उमगलं. बाबा जगायला निघाले नव्हते. ते नुसते नीट ठेवून दिले जायला निघाले होते.

ती तशीच मुकादमाकडे गेली. "जुनी खडी परत हवी. सगळी."

मुकादम डोकं खाजवू लागला. तिला घेऊन एका नव्या बांधकामावर गेला. "ती काय, त्या जोत्यात. भर म्हणून अशी बसली ताई, विचारू नका." जोत्यावर नुकतंच काँक्रीट ओतलेलं होतं. लेक वाकली आणि तिनं त्यावर तळहात टेकला. गार, ओलसर. खाली कुठंतरी आईनं बादलीनं वाहिलेला गोटा न् गोटा होता.

"ओ बाई! हात काढा, ठसा उठेल!" गवंडी ओरडला.

ठसा उठला होताच.

मग तिनं एकेका सप्लायरला फोन लावायला सुरुवात केली. "गोल? गोल खडी कोण घेतं आता? मशिनमधून निघते ती टोकदारच." दुसऱ्यानं विचारलं, "कशाला हवी? स्लॅबला, रस्त्याला, का बागेला? माप सांगा."

"माप नाही सांगता येणार. वाजणारी हवी. पाय पडला की खळखळ वाजणारी."

पलीकडून हसण्याचा स्फोट झाला. "बाई, खडी विकतो आम्ही, घुंगरू नव्हे!"

गावाबाहेरच्या शेवटच्या डेपोत ती शुक्रवारी पोचली. आत ढीगच ढीग. काळी खडी, पांढरी खडी, लाल माती, वाळू, दगडाची चुरी. धुळीनं पत्र्याच्या खोलीचा रंगही राखाडी झालेला. मालकीण एक जाडजूड बाई, सगळे तिला मावशी म्हणत. ती खुर्चीत बसून एका गवंड्याची बोलणी खात होती.

"मावशी, चुरी सांगितली होती, चुरी! वाळू पाठवलीत. परवा पण हाच घोळ. तुमचं लक्ष असतं कुठं?"

"पोरं भरतात रे गाडी, मी का भरते? घेऊन ये परत, बदलून देते. ओरडतोस कशाला, सासरा आहेस का माझा?"

गवंडी तणतणत गेला. लेकीला काय बोलावं सुचेना. आपलं बोलणं ऐकून लोक हसतात हे तिला आता पाठ झालं होतं. "मी नुसतं बघते," ती म्हणाली आणि ढिगांकडे गेली. आजूबाजूला कुणी नाहीसं पाहून तिनं डोळे मिटले आणि पहिल्या ढिगावर पाय ठेवला. कचकच. फाटक. ही चालेल. दुसरा ढीग बोथट, ओल धरलेला, मुका. तिसरा नको. वाळू बरी होती, रव्यासारखी. न्हाणीघर. मागच्या कुंपणाशी गवतात एक जुना ढीग होता. तिनं त्यावर पाय ठेवला, आणि गोटे एकमेकांवर आपटून खळखळले.

ती तिथंच खाली बसली.

"काय गं, चक्कर आली का?" मावशी कधी मागून आली होती कळलंच नाही. एक हात कुंपणाच्या तारेवर ठेवून उभी होती. "आणि डोळे मिटून काय चाललं होतं? पोरांनी सांगितलं, एक बाई ढिगांवर नाचतेय म्हणून."

लेकीला रडू फुटलं. रडता रडता तिनं सगळं सांगून टाकलं. जे बाबांनी इतकी वर्षं झाकून ठेवलं होतं, ते तिनं एका परक्या बाईपुढं उघडं केलं. आपण काय करतोय हे कळत होतं, पण तोंड थांबत नव्हतं. रविवार परवावर आला होता.

मावशी हसली नाही. तिनं विचारलं, "ते शेडपर्यंत एकटे जायचे? कुणी धरल्याशिवाय?"

"एकटे. आम्हा कुणाला कळलं नाही."

"खुर्च्या विणायचे?"

"हो."

मावशीनं खाली वाकून चिमूटभर वाळू उचलली, बोटांत चोळली. मग शेजारच्या ढिगाची चुरी उचलली, तीही चोळली. "आता बोटांनीच कळतं मला," ती म्हणाली. "त्या गवंड्याची गाडी पोरांनी नाही, मी भरवली. दोन्ही ढीग राखाडी दिसले. म्हणजे, दिसले असं म्हणायचं." तिनं आवाज खाली आणला. "डॉक्टर म्हणतो, थोडंफार उरलंय तेही जाणार. पोराला अजून सांगितलं नाही. सांगितलं की हा डेपो विकून मला घरात बसवेल. बसवेल म्हणजे बसवेलच."

वाऱ्यानं धूळ उडाली. दोघींनी तोंडाला पदर लावला.

"गोटे घेऊन जा," मावशी म्हणाली. "वाळू, खडी, हव्या तेवढ्या फरश्या. उद्या गाडी पाठवते. पण मला एक शब्द दे. तुझे वडील इथं येतील. माझ्या या आवारात मला चालायला शिकवतील. माझं थोडं दिसतंय तोवर."

बाबा खाटेवरून उठत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडतात, परवा कायमचे जातायत, हे सगळं लेकीच्या जिभेवर आलं.

"देते शब्द," ती म्हणाली.

शनिवारी गाडी आली. फाटकाच्या आत चार ढीग पडले. लेक घमेलं, फावडं घेऊन उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की कुठला रूट कुठून सुरू व्हायचा, किती रुंद होता, कुठं वळायचा, तिला काहीच माहीत नाही. आईनं टाकलेल्या वाटा तिनं वर्षानुवर्षं पाहिल्या होत्या आणि एकदाही बघितल्या नव्हत्या. खिडकीतून तिनं बाबांना हाक मारली, निदान वळण तेवढं सांगा म्हणून. आतून फक्त खाट कुरकुरली, बाबांनी कूस बदलली.

रविवारी दादा आला. गाडी आत घ्यायला जागा नव्हती.

"हे काय मांडलंयस? बंगला बांधतेस का?" तो ढिगांवरून उड्या मारत आला. "आधी सगळं उकरून टाकायचं, मग पुन्हा ढीग आणायचे. तुला म्हणजे ना... बाबा, झाली का तयारी?"

बाबांची पिशवी भरलेली होती. ते खाटेच्या कडेवर बूट घालून बसले होते, बसची वाट बघणाऱ्या उतारूसारखे. दादानं पिशवी उचलली.

लेक दारात उभी राहिली. आता नाही तर कधीच नाही.

"बाबा, मी एक गोष्ट केलीय. तुमच्या नावानं एका बाईला शब्द दिलाय."

तिनं सांगितलं. सगळं, मावशीनं चोळलेल्या वाळूसकट. दादा मध्येच म्हणाला, "तुम्हाला मुळीच दिसत नाही? बाबा?" पण त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. बाबांचा चेहरा लाल झाला होता.

"तू माझं गुपित खडीच्या दुकानात जाऊन सांगितलंस?" ते गरजले. कितीतरी दिवसांनी तो आवाज त्या घरात वाजला. "मला विचारलंस? तुझ्या आईनं मरेपर्यंत तोंड उघडलं नाही, आणि तू... मी काय शाळा काढलीय आंधळ्यांची? कोण कुठली बाई, तिला मी चालायला शिकवू? मला स्वतःला संडास सापडत नाही तुझ्या कृपेनं!"

"नाही विचारलं," लेक म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज थरथरला नाही. "तुम्ही नाही म्हणाला असतात. तिला काय सांगू, एवढं सांगा आणि जा."

बाबा धापा टाकत बसले. दादानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. बाहेर कुणाची तरी सायकल गेली.

"तिला अजून किती दिसतं?" बाबांनी विचारलं.

"ढीग दिसतो. कशाचा ते कळत नाही."

"उजेडाकडे तोंड केल्यावर दुखतं का?"

"मी विचारलं नाही."

"विचारायचं होतंस. मग फार दिवस नाहीत." ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "आणि घरी कुणाला माहीत नाही म्हणतेस. म्हणजे रात्री एकटी उठून भिंतींना हात लावत बसत असेल. मी बसायचो." त्यांनी काठी चाचपली. "तुझ्या आईनं निदान मला ओरडून शिकवलं. तिला कोण आहे?"

बाबांनी दादा उभा होता तिकडे तोंड वळवलं.

"दादा, ती पिशवी खाली ठेव."

"बाबा, पण आपलं निघायचं..."

"निघायचंच आहे. डेपोपर्यंत सोड आम्हाला. नंतरचं नंतर बघू." ते उठले. मोडलेल्या कंबरेवर भार पडला तेव्हा ओठ आवळले, पण बसले नाहीत. लेक हात द्यायला पुढं झाली. "धरू नकोस. पुढं हो. पाय जरा घासत चाल, म्हणजे मला ऐकू येईल."

लेक आवारात उतरली. पायाखाली सगळीकडे तीच एकसारखी खडी, काहीच न सांगणारी. तिनं उजवा पाय घासला, मग डावा. मागं थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग पायरीवर काठी वाजली, आणि बाबांचं पहिलं पाऊल खडीवर पडलं.